यंत्र कोणीही विकत घेईल, नक्शा कोण काढणार?

मंठा चौफुलीकडच्या एका गॅरेजवाल्या बंधूंनी परवा आम्हाला चहाला बोलावले आणि कागदात गुंडाळलेली एक वस्तू समोर ठेवली. कागद उलगडला तर आत अर्ध्या वितीएवढी प्रीमियर पद्मिनी. काळे अंग, पिवळे छप्पर, समोर जाळी, बाजूला दारांच्या रेषा. मुंबईच्या रस्त्यावरून उचलून आणावी तशी हुबेहूब टॅक्सी. हातात घेतली तर आतून पोकळ आणि वजन जवळजवळ नाहीच. त्यांच्या धाकट्या मुलाने ही बॉडी घरीच कॉम्प्युटरवर आखली आणि घरीच थ्रीडी प्रिंटरवर छापली होती.

आम्ही कौतुक केले, तेव्हा त्यांनी मनातली गोष्ट काढली. मुलगा म्हणतो, आणखी चार मशीन घेऊ, मोठा धंदा होईल. त्यासाठी घरातला दागिना मोडावा की नाही, हे त्यांना विचारायचे होते.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. अशी विचारणा आमच्याकडे आता वारंवार होते, कधी एखादा लेथवाला करतो, कधी दागिन्यांचे साचे बनवणारा, कधी मुलाला आयटीआयला घातलेला बाप. म्हणून त्यांना दिलेले उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत. उत्तर थोडक्यात असे, की दागिना मोडू नका. एक मशीन पुरे आहे. पैसा मशीनमध्ये नाही, नक्शात आहे. हे का, ते आता पाहू.

खाचेतून धावणारी मोटार

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. तिला स्लॉट कार म्हणतात. प्लास्टिकच्या रस्त्यात एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीच्या पुढच्या भागाखाली एक पाते असते, ते खाचेत बसते आणि पट्ट्यांतून साधारण 12 ते 15 व्होल्टचा प्रवाह उचलून छोट्या मोटरला देतो. खेळणाऱ्याच्या हातात फक्त वेगाचा खटका असतो. वळणावर खटका जास्त दाबला की गाडी खाचेतून उडते, वेळेवर सोडला तर निघून जाते. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांनी 1957 साली स्केलेक्स्ट्रिक या नावाने हा खेळ बाजारात आणला आणि जर्मनीत 1963 पासून कॅरेरा हे नाव चालू झाले. आज युरोप-अमेरिकेत हा खेळ मुलांपेक्षा मोठी माणसेच अधिक खेळतात. सर्वात रूढ माप खऱ्या गाडीच्या 32 व्या भागाचे.

गाडीचे दोन भाग असतात. खाली चॅसी, म्हणजे मोटर, गिअर, चाके आणि पाते. वर बॉडी. चॅसी तयार मिळते. बॉडी मात्र कंपन्या त्याच गाड्यांच्या काढतात ज्यांना हजारोंनी गिऱ्हाईक आहे, म्हणजे शर्यतीच्या नामांकित परदेशी गाड्या. एखाद्या शौकिनाला आपल्या वडिलांची जुनी मोटार रस्त्यावर धावताना पाहायची असेल, तर तिची बॉडी दुकानात मिळत नाही. हीच रिकामी जागा घरी बसून आखणाऱ्या आणि छापणाऱ्या कारागिराची आहे.

पद्मिनीचेच पाहा. इटलीच्या फियाट 1100 वरून घेतलेली ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून बनू लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढे मिळाले. तीसेक वर्षांहून अधिक काळ ती बनत राहिली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली. ज्यांचे बालपण तिच्या मागच्या सीटवर गेले, ते लोक आज मुंबई-पुण्यात आहेत, आखातात आहेत, इंग्लंडमध्ये आहेत. आमच्या मराठवाड्यात काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी किती पिढ्यांना तालुक्याला नेऊन सोडले! मारुती 800, ॲम्बेसेडर, मॅटॅडोर, या सगळ्या गाड्यांचे अंग आमच्या गॅरेजवाल्यांनी हाताने ठोकले, पुट्टीने भरले, रंगवले. त्या गाड्यांची उंची-रुंदी त्यांच्या बोटांत आहे. ही पुंजी एखाद्या परदेशी कंपनीकडे असणे शक्य नाही.

मुलाच्या हातून काय चुकले, काय साधले

मुलाने आम्हाला पहिल्यापासूनचा सारा प्रवास मोकळेपणाने सांगितला. तो शिकण्यासारखा आहे.

पहिल्यांदा त्याने फुकट मिळालेला दुसऱ्याचा एक नक्शा उतरवून तसाच छापला. गाडी दिसायला चांगली आली, पण चॅसीवर बसेना. चाके कमानीच्या बाहेर. कारण सरळ आहे. पद्मिनीची लांबी सुमारे 3 मीटर 93 सेंटीमीटर, रुंदी सुमारे 1 मीटर 46 सेंटीमीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर सुमारे 2 मीटर 34 सेंटीमीटर. याला 32 ने भागले तर लांबी सुमारे 123 मिलीमीटर, रुंदी 46 आणि चाकांतील अंतर 73 मिलीमीटर येते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चॅसी शर्यतीच्या रुंद गाड्यांसाठी असतात. 46 मिलीमीटरच्या अरुंद अंगाखाली त्या मावत नाहीत. ज्याने तो फुकटचा नक्शा काढला होता, त्याने गाडी कपाटात ठेवण्यासाठी काढली होती, धावण्यासाठी नव्हे.

मग मुलाने उलट बाजूने सुरुवात केली. आधी अरुंद धुरा आणि लांबी कमी-जास्त करता येणारी चॅसी मागवली, ती व्हर्नियरने मोजली आणि तिच्याभोवती अंग आखायला घेतले. आमच्या शिंपी बंधूंना हे सांगायला नको. आधी अंगाचे माप, मग कापड.

आखताना दुसरी अडचण आली. खऱ्या गाडीवरची एक सेंटीमीटर रुंदीची चकाकती पट्टी 32 ने भागली की जेमतेम 0.3 मिलीमीटर उरते. साध्या प्रिंटरच्या तोंडाचे भोक 0.4 मिलीमीटर. म्हणजे पट्टी छापलीच जात नाही. काचेमधला खांब खऱ्या गाडीवर चार सेंटीमीटर धरला तर नमुन्यात सव्वा मिलीमीटर होतो. छापला जातो, पण पहिल्याच आपटीत मोडतो. अशा वेळी हिशेब बाजूला ठेवून नजरेने काम करावे लागते. पट्टी थोडी रुंद करायची, खांब आतल्या बाजूने जाड करायचा, बाहेरून मात्र गाडी पद्मिनीच दिसली पाहिजे. कोणती रेष वाढवली तरी चालते आणि कोणती वाढवली की गाडीचा चेहरा बिघडतो, हे मशीन सांगत नाही. ते त्याला वडिलांनी सांगितले. त्यांनी पडद्यावरचा नक्शा पाहून एवढेच म्हटले, की बॉनेटचा उतार चुकला आहे, ही गाडी नाकातून अशी पडत नाही. मुलगा आठ दिवस फोटोंशी झगडत होता, ते बापाने एका नजरेत पकडले.

पूर्ण अंग छापायला कित्येक तास लागतात. ते वाया जाऊ नयेत म्हणून त्याने एक चांगली युक्ती केली. आधी फक्त खालचा पाच मिलीमीटरचा काठ छापायचा, चॅसीवर बसवून पाहायचा, स्क्रूची भोके जुळतात का ते पाहायचे, चाके फिरतात का ते पाहायचे. अर्ध्या-पाऊण तासात चूक हाती येते. काठ बसला की मगच सगळी बॉडी. स्क्रूसुद्धा पुरता आवळायचा नाही. बॉडी चॅसीवर किंचित हलती राहिली तर वळणावरचे धक्के ती पचवते आणि गाडी खाचेत टिकते.

यंत्राविषयी थोडे

थ्रीडी प्रिंटर हे काही गूढ यंत्र नाही. साध्या प्रकारात प्लास्टिकची तार तापवून बारीक तोंडातून सोडतात आणि थरावर थर चढवत वस्तू उभी करतात. पद्धत अमेरिकेच्या स्कॉट क्रंप यांची. तिच्या पेटंटचा अर्ज 1989 चा. पेटंटची मुदत 2009 मध्ये संपली. त्याआधी 2005 मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी कोणालाही घरी जोडता येईल असा प्रिंटर बनवण्याचे काम सुरू करून त्याचे आराखडे सर्वांना खुले केले. मुदत संपली, आराखडे खुले झाले, आणि कारखान्यातले यंत्र घरातल्या टेबलावर आले. म्हणूनच ते आज स्वस्त आहे, आणि म्हणूनच ते शेजाऱ्यालाही परवडते. धंद्याच्या दृष्टीने हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचे.

बॉडीची भिंत 0.8 ते 1.2 मिलीमीटर ठेवतात. जाड केली तर वजन वर चढते आणि गाडी वळणावर कलंडते. छप्पर आणि बॉनेट आडवे ठेवून छापले तर त्यांच्यावर पायऱ्या दिसतात, म्हणून गाडी शेपटीवर उभी करून छापतात. तरीही थरांच्या रेषा राहतातच. तेथे मुलाच्या वडिलांचे कसब उपयोगी पडले. पातळ प्रायमर, मग पुट्टीचा हलका हात, मग पाण्याचा पॉलिश पेपर, पुन्हा प्रायमर. खऱ्या गाडीवर जे करतात तेच, फक्त बोटभर जागेत. शहरातल्या शौकीन पोरांच्या छापलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. त्यांच्या रंगाखालून थर दिसतात. या गाडीवर दिसत नाहीत, कारण हिला पेंटरचा हात लागला आहे.

आमच्या हवेचाही विचार हवा. सर्वात सोपी तार पीएलए नावाच्या प्लास्टिकची. ती 55 ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात जालन्यात उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तेवढी उष्णता सहज होते. मुलाची पहिली रंगवलेली बॉडी जीपच्या डॅशबोर्डवर एका दुपारीत पापडासारखी वाकली. तेव्हापासून तो पीईटीजी वापरतो. ते आणखी वीसेक अंश सोसते. पावसाळ्यात तार दमट होते आणि छपाईत बुडबुडे येतात. ती हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. वीज मध्येच गेली तर चार तासांचे काम मातीत जाते, म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएस हवाच.

द्रव राळेचा दुसरा प्रकार आहे. त्यात फार बारीक काम होते आणि थर जवळजवळ दिसत नाहीत. पण ती राळ कच्ची असताना त्वचेला अपाय करते, वास उग्र असतो, माल स्पिरिटात धुवावा लागतो. एका खोलीत स्वयंपाक आणि तिथेच मुले, अशा घरात हे यंत्र आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता हिशेब

भाव रोज बदलतात, म्हणून आपण गोल आकडे धरू. तार किलोला 1000 रुपये. एका बॉडीला आधारांसह 30 ग्रॅम तार लागली तर 30 रुपये. सहा तासांची वीज आणखी सात-आठ रुपये. म्हणजे कच्चा माल 40 रुपयांच्या आत. हाच आकडा ऐकून तरुणांचे डोळे चमकतात. चाळीस रुपयांची वस्तू, हजाराला विकू!

पण पुढचा हिशेब कोणी करत नाही. घासणे, पुट्टी, रंग, काचा बसवणे याला तीन तास धरा. तासाला 100 रुपये मजुरी म्हणजे 300 रुपये. आणि नक्शा? या मुलाला पद्मिनी आखायला, चुका दुरुस्त करायला मिळून दीडशे तास लागले. त्याच मजुरीने 15,000 रुपये. दहा गाड्या विकल्या तर प्रत्येकीवर नक्शाचे 1500 रुपये चढतात. शंभर विकल्या तर फक्त 150.

या आकड्यांकडे नीट पाहा. छपाईत चाळीस रुपये आहेत, तिथे कमावण्यासारखे काही नाही. जो फक्त छापून देतो, तो चाळीस रुपयांच्या मालावर दहा-वीस रुपयांसाठी दुसऱ्या छापणाऱ्याशी भांडतो. खरी कमाई दोन जागी आहे. हाताची सफाई, आणि असा नक्शा जो दुसऱ्याकडे नाही. नक्शा एकदा निघाला की तो झिजत नाही, त्याला तार लागत नाही, त्याची फाईलसुद्धा विकता येते. चार मशीन घेतल्याने नक्शे चार होत नाहीत. एकच नक्शा चौपट वेगाने छापला जातो, आणि गिऱ्हाईक तेवढेच राहते.

हे आम्ही पुस्तकातून बोलत नाही. आमच्या परिचयातील एका तरुणाने कर्ज काढून दोन मशीन घेतली. फुकट मिळणाऱ्या नक्शांवरून किल्लीच्या साखळ्या, दिवे, नावाच्या पाट्या छापल्या. पहिले सहा महिने बरे गेले. मग त्याच गल्लीत तिसरे आणि चौथे मशीन आले, तेच फुकटचे नक्शे, तोच माल. भाव ग्रॅमवर आला. आज त्याच्या मशीनवर चादर आहे आणि हप्ता चालू आहे. त्याचा दोष आळसाचा नव्हता, बिचारा रात्रंदिवस राबला. त्याच्याकडे स्वतःचे असे काही नव्हते, एवढाच दोष.

शेजारच्या जिल्ह्यातल्या हिमरूची आठवण येथे येणे साहजिक आहे. औरंगाबादच्या त्या कापडाची शान त्याच्या नक्षीत होती. तीच वेलबुट्टी यंत्रमागावर स्वस्तात निघू लागली, तेव्हा हातमागावर बसणाऱ्यांची रोजी आटत गेली. माग चालवणारे हात अनेक होते, नवी नक्षी काढणारे थोडे. यंत्र आले की आधी त्याचे हात रिकामे होतात, ज्याच्याकडे फक्त हात असतात.

गिऱ्हाईक आणि कायदा

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जालन्यात स्लॉट कार विकत घेणारे गिऱ्हाईक नाही. सदर बाजारात दुकान मांडून ही वस्तू विकली जाणार नाही. देशातही या खेळाचा शौक मोजक्या शहरांत आणि मोजक्या घरांत आहे. परदेशी खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले, त्यामुळे येथे हा शौक महागडाच. खरे गिऱ्हाईक दूर आहे आणि ते टपालाने माल घेते. म्हणून माल हलका, न मोडणारा आणि सांगितल्याप्रमाणे हुबेहूब असला पाहिजे. दूरच्या गिऱ्हाइकाशी एकदा दगा झाला की ते पुन्हा येत नाही, आणि चार जणांना सांगते.

कायद्याची बाजू त्याहून महत्त्वाची, कारण आमचे बंधू तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा केंद्र सरकारचा 2020 चा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू आहे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी बनवलेल्या वस्तूला भारतीय मानक ब्युरोचा परवाना आणि आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्याला वेगळे मानक आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या वस्तूंना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना यातून सूट मिळाली. परंतु प्रिंटरवर निघालेली प्लास्टिकची मोटार हस्तशिल्प आहे असे गृहीत धरून चालू नका. बिनपरवाना खेळणी विकल्यास पहिल्या गुन्ह्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा जत्रेत किंवा ईदच्या बाजारात मुलांसाठी म्हणून ही गाडी मांडू नका. ती प्रौढ शौकिनांच्या संग्रहाचा नमुना म्हणून, तसे स्पष्ट लिहून, त्यांनाच विका. मुलांच्या खेळण्यांत उतरायचे असेल, तर आधी मानक ब्युरोच्या कार्यालयात चौकशी करून मगच पाऊल टाका.

तिसरी बाब दुसऱ्याच्या मालकीची. फुकट मिळणाऱ्या अनेक नक्शांवर स्पष्ट लिहिलेले असते, की स्वतःसाठी छापा, विकू नका. ते वाचूनही विकणे म्हणजे दुसऱ्याच्या मेहनतीवर हात मारणे. दीडशे तास जागून कोणी काढलेली वस्तू आपण एका क्षणात उतरवून त्यावर कमाई करावी, याला हलाल रोजी म्हणता येईल का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. गाडीच्या आकाराचेही तसेच. आपल्याकडे नोंदवलेल्या आकृतीला 2000 च्या डिझाइन कायद्यानुसार दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. म्हणून आज शोरूममध्ये उभी असलेली गाडी उचलू नका. जुन्या गाड्यांच्या आकाराला ती मुदत उरलेली नसते, पण कंपनीचे नाव आणि चिन्ह हा वेगळा विषय आहे. ते छापून विकण्याआधी जाणकार वकिलाचा सल्ला घ्या. आणि आपला स्वतःचा नवा नक्शा असेल, तर तो विक्रीस काढण्यापूर्वीच नोंदवण्याचा विचार करा. माल उघड झाल्यावर नोंदणी मिळणे अवघड होते.

मग करावे काय?

आम्ही कोणाला निराश करण्यासाठी हे लिहीत नाही. उलट आमची खात्री आहे, की या कामाला लागणारे निम्मे कसब आमच्या मोहल्ल्यांत आधीच आहे. डेंटर-पेंटर आहेत, लेथवर शतांश मिलीमीटर ओळखणारे आहेत, साचे बनवणारे आहेत. ज्या जालन्याने भंगार वितळवून सळई काढण्यात देशात नाव कमावले, ज्या जालन्यात 1964 साली महिकोने बियाण्याचा धंदा उभा केला, त्या गावाला कच्च्या मालापेक्षा त्याच्यावर घातलेल्या अकलेची किंमत जास्त असते, हे नव्याने शिकवायला नको.

कमतरता आहे ती आखणाऱ्यांची. ती भरून काढण्याचा मार्ग खर्चिक नाही. ब्लेंडर आणि फ्रीकॅड ही आखणीची साधने मोफत आहेत. जुना पण बऱ्यापैकी कॉम्प्युटर पुरतो. मुलाने आधी सहा महिने मशीनशिवाय आखायला शिकावे. एक पट्टी, एक व्हर्नियर आणि घरातली कोणतीही वस्तू, मोजा आणि आखा. नक्शा तयार झाला की पहिले दोन-चार नमुने शहरात कोणाकडून तरी मजुरीने छापून घ्यावेत. वस्तू चॅसीवर बसली, धावली, चार अनोळखी माणसांनी पैसे देऊन घेतली, मगच मशीनचा विचार. ज्याला पद्धतशीर शिकायचे आहे त्याच्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे इंडो-जर्मन टूल रूम तासाभराच्या वाटेवर आहे. तेथे डायमेकिंग आणि कॉम्प्युटरवरील आखणीचे अभ्यासक्रम चालतात.

मागणी वाढली तरी लगेच मशीन वाढवू नये. एक बॉडी उत्तम छापून, घासून, तिच्यावरून सिलिकॉनचा साचा घ्यावा आणि राळेचे नग ओतावेत. एका साच्यातून बरेच नग निघतात, आणि ते घासावेही कमी लागतात. किंवा पातळ पारदर्शक पत्रा तापवून नमुन्यावर ओढून घ्यावा. शर्यतीच्या हलक्या बॉड्या तशाच बनतात. या दोन्ही कामांना प्रिंटर नव्हे, साच्याचा कारागीर लागतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून उद्योगाला अनुदानासह कर्ज मिळू शकते, त्यात अल्पसंख्याकांसाठी अनुदानाचा दर अधिक आहे. पण अनुदान मिळते म्हणून कर्ज, आणि कर्ज मिळते म्हणून मशीन, हा क्रम उलटा आहे. बँक मशीन पाहून पैसे देते. गिऱ्हाईक नक्शा पाहून देते.

गॅरेजवाल्या बंधूंना आम्ही हेच सांगितले. दागिना राहू द्या. मुलाला वर्षभरात आणखी चार गाड्या आखू द्या, काळी-पिवळी जीप पहिली. तुम्ही रोज दुकान बंद केल्यावर अर्धा तास त्याच्या पडद्यासमोर बसा आणि कुठला उतार चुकला ते सांगा. त्या अर्ध्या तासाची किंमत चार मशीनपेक्षा जास्त आहे.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, "साहेब, पोरगा मला सांगत होता की आता तुमचे काम संपले, आता मशीनचे दिवस आले."

कारागीर बंधूंनो, असे तुमच्या घरातही कोणी म्हणत असेल तर त्याला रागावू नका. त्याच्या शेजारी बसा. यंत्र उद्या आणखी स्वस्त होईल आणि गल्लीगल्लीत दिसेल. त्या दिवशी ज्याच्या घरी बापाची नजर आणि मुलाचा कॉम्प्युटर एका टेबलावर असेल, त्याच्या दाराशी गिऱ्हाईक येईल. बाकीच्यांकडे फक्त यंत्र असेल.